पब मालकाचा, मग आतली हवा कुणाची?

ब्रिटनच्या सरकारने २०२४ साली तंबाखूविषयी नवा कायदा करायला घेतला, तेव्हा पबच्या अंगणात, म्हणजे उघड्यावर मांडलेल्या टेबलांपाशीही सिगारेट ओढायला बंदी घालावी असा एक विचार पुढे आला होता. पबचालकांनी त्याला कडाडून विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये विधेयक संसदेत आले तेव्हा तो बेत सोडून दिलेला होता. फ्रान्सने २०२५ च्या उन्हाळ्यात बागा, समुद्रकिनारे आणि बसथांबे धूम्रपानमुक्त केले, पण कॅफेंच्या बाहेरच्या बैठकींना हात लावला नाही. या घडामोडींमुळे वीस वर्षांपूर्वीचा एक वाद पुन्हा वर आला आहे. जागा माझी, धंदा माझा, गिऱ्हाईक आपल्या पायाने आत येते; मग माझ्या छपराखाली कुणी सिगारेट ओढावी की नाही, हे सरकारने का ठरवावे?

हा प्रश्न मला रास्त वाटतो. बंदीचे समर्थक बरेचदा ‘आरोग्य महत्त्वाचे’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण करतात आणि मालकांची बाजू घेणारे ‘माझी मालमत्ता’ या दोन शब्दांवर थांबतात. दोन्हीकडचे शब्द थोडे सोलून पाहिले, तर बंदिस्त जागेतील बंदी का टिकते आणि तिची ताकद नेमकी कुठे संपते, हे बऱ्यापैकी स्वच्छ दिसते.

आधी धुराविषयी

सिगारेटचा धूर दोन वाटांनी खोलीत येतो. ओढणाऱ्याने छातीत घेऊन बाहेर सोडलेला धूर ही एक वाट झाली. दुसरी वाट म्हणजे दोन झुरक्यांच्या मधल्या वेळात, सिगारेट बोटांत किंवा रक्षापात्राच्या कडेवर नुसती जळत असताना तिच्या टोकातून निघणारा धूर. खोलीत साचणारा बहुतांश धूर या दुसऱ्या वाटेने आलेला असतो. तो कुणाच्या फुप्फुसातून किंवा सिगारेटच्या फिल्टरमधून गेलेला नसतो. स्वतः सिगारेट न ओढता हा सगळा धूर श्वासात घेणे, याला अप्रत्यक्ष धूम्रपान म्हणतात.

त्याने केवळ डोळे चुरचुरतात असे फार काळ मानले जात असे. १९८१ साली ताकेशी हिरायामा या जपानी संशोधकाने ९१,५४० स्त्रियांची चौदा वर्षांची नोंद प्रसिद्ध केली. या स्त्रिया स्वतः सिगारेट ओढत नव्हत्या, परंतु ज्यांचे नवरे जास्त सिगारेटी ओढत होते त्यांच्यात फुप्फुसाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू अधिक आढळले. तंबाखू उद्योगाने या निष्कर्षावर बराच हल्ला चढवला, पण पुढच्या अभ्यासांनी तो पक्काच केला. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या, म्हणजे तिथल्या सार्वजनिक आरोग्याच्या सर्वोच्च सरकारी अधिकाऱ्याच्या, २००६ च्या अहवालात तर अप्रत्यक्ष धूम्रपानाची कोणतीही निर्धोक पातळी नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दरवर्षी स्वतः न ओढणारी १० लाखांहून अधिक माणसे दुसऱ्याच्या धुराने मरतात.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. बंदीनंतर हृदयविकाराचे रुग्ण किती घटले याचे आकडे छापून येतात, पण त्यांत मोठी तफावत आहे: स्कॉटलंडच्या एका अभ्यासात ही घट १७ टक्के निघाली, तर इंग्लंडच्या अभ्यासात फक्त २.४ टक्के. म्हणून मी जास्त भर हवेच्या मोजमापावर देतो, कारण तिथे शंकेला जागा कमी उरते. स्कॉटलंडमध्ये ४१ पबमधील हवा बंदीच्या आधी आणि नंतर मोजली गेली. श्वासाबरोबर खोल छातीत उतरणाऱ्या बारीक कणांचे सरासरी प्रमाण आधी एका घनमीटरमागे २४६ मायक्रोग्रॅम होते, ते बंदीनंतर २० वर आले. पब तेच होते.

मालकी म्हणजे नेमके काय?

आपण ‘ही जागा माझी आहे’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे एक अखंड वस्तू असते. कायद्याच्या अभ्यासकांना मात्र मालकी ही लाकडांच्या मोळीसारखी दिसते. जागा वापरण्याचा हक्क, ती विकण्याचा हक्क, भाड्याने देण्याचा हक्क, नको असलेल्याला बाहेर ठेवण्याचा हक्क, तिच्यातून कमाई करण्याचा हक्क, अशी अनेक लाकडे त्या मोळीत एकत्र बांधलेली असतात. त्यातले एखादे लाकूड आखूड असले म्हणून मोळी तुमची राहत नाही असे होत नाही.

आणि एक लाकूड त्या मोळीत कधीच नव्हते: आपल्या जागेतून दुसऱ्याच्या अंगावर इजा सोडण्याचा हक्क. वरच्या मजल्यावरच्या माणसाची मोरी त्याच्या पूर्ण मालकीची असते, तरी तिचे पाणी खालच्या घराच्या छतातून झिरपू लागले की ‘मोरी माझी आहे’ हे उत्तर चालत नाही. इंग्रजी कायद्यात हे तत्त्व जुने आहे. १८६८ सालच्या रायलँड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात एका गिरणीमालकाने आपल्या वापरातल्या जमिनीवर बांधलेल्या तलावाचे पाणी शेजारच्या खाणीत शिरले आणि नुकसान त्याला भरून द्यावे लागले.

यावर पबचा मालक म्हणेल की खालच्या घरातला माणूस तिथे आधीपासून राहत असतो, माझ्या पबमध्ये मात्र प्रत्येक जण आपण होऊन येतो. हा फरक खरा आहे आणि त्याच्या बाजूचा खरा जोर इथेच आहे.

मालकाची बाजू, तिच्या पूर्ण बळानिशी

अर्थतज्ज्ञ रोनाल्ड कोस यांनी १९६० साली एक गोष्ट दाखवून दिली, जी या वादात फार उपयोगी पडते. त्रास नेहमी दोन्ही बाजूंनी असतो, असे त्यांचे म्हणणे. धुराने न ओढणाऱ्याला त्रास होतो हे खरे. पण बंदी घातली की ओढणाऱ्याला त्रास होतो, हेही तितकेच खरे. त्यामुळे ‘दोषी कोण’ यापेक्षा ‘कोणता त्रास टाळणे अधिक शहाणपणाचे’ हा खरा प्रश्न ठरतो.

मालकाची बाजू घेणारे हाच धागा पुढे नेतात. पबमालकाला दोन्ही प्रकारची गिऱ्हाइके हवी असतात. न ओढणारे जास्त असतील तर तो स्वतःच सिगारेट बंद करेल, कारण त्यात त्याचाच फायदा आहे. ओढणारे जास्त असतील तर परवानगी देईल. काही पब धुराचे, काही बिनधुराचे असतील, आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळेल. मग सरकारने मध्ये पडण्याचे कारण काय?

कागदावर हा युक्तिवाद बिनतोड दिसतो. स्पेनने तो प्रत्यक्षात आजमावला. जानेवारी २००६ पासून तिथे १०० चौरस मीटरपेक्षा लहान बारच्या मालकांना निवड करायची मुभा होती: दारावर पाटी लावा आणि धूम्रपानाला परवानगी द्या किंवा मनाई करा. जवळजवळ सगळ्यांनी परवानगीची पाटी लावली. न ओढणाऱ्यांना अपेक्षित असलेली निवड मिळालीच नाही, आणि २ जानेवारी २०११ पासून स्पेनला सरसकट बंदी करावी लागली.

असे का झाले असावे? पब ही एकट्याने जायची जागा नाही. पाच जणांच्या टोळक्यात एक जण ओढणारा असला तर त्याच्यासाठी सगळे धुराच्या पबमध्ये जातात. उरलेल्या चौघांची नापसंती मालकाच्या गल्ल्यापर्यंत पोचतच नाही. शिवाय बंदी घालणारा पहिला मालक होण्याची भीती प्रत्येकाला असते, कारण आपण बंद केले आणि समोरच्याने केले नाही तर तो ओढणारा त्याच्यासोबतच्या चौघांना घेऊन समोर जाणार. प्रत्येक मालक समजूतदारपणे वागला तरी सगळ्यांच्या वागण्याची बेरीज अशी होते, की चौघांच्या मनाची दखल कुणीच घेत नाही.

आणखी एक गोष्ट ‘मालक’ या शब्दामागे दडून राहते. ब्रिटनमधील कित्येक पबच्या इमारती मद्यनिर्मात्या किंवा पबच्या साखळ्या चालवणाऱ्या कंपन्यांच्या मालकीच्या असतात आणि गल्ल्यामागे उभा असलेला माणूस त्यांचा भाडेकरू असतो. निर्णय मालकावर सोपवला की तो त्या खोलीत कधीही न बसणाऱ्या माणसांच्या हातात जाऊ शकतो.

‘हे काम नको असेल, तर दुसरीकडे जा’

गिऱ्हाईक तासाभराने उठून जाते. जो पेले भरतो, टेबल पुसतो, रक्षापात्रे रिकामी करतो, तो पाळी संपेपर्यंत तिथेच असतो, आठवड्याचे पाच-सहा दिवस आणि कधी आयुष्यभर.

हेदर क्रो या कॅनडातील ओटावा येथे चाळीसहून अधिक वर्षे वेट्रेस होत्या. त्यांनी कधी सिगारेट ओढली नाही. २००२ साली त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले आणि हा आजार कामाच्या जागेतील धुरामुळे झाला, हे कामगार-भरपाई मंडळाने मान्य केले. उरलेली वर्षे त्या देशभर फिरून एकच मागणी करत राहिल्या, की आपल्यासारखे मरण दुसऱ्या कुणा कामगाराला येऊ नये. २२ मे २००६ रोजी त्या गेल्या. ओंटारिओ प्रांतातील बंदी त्यानंतर नऊ दिवसांनी अमलात आली. ब्रिटनमधील रॉय कॅसल हे गाजलेले कलाकारही न ओढणारे होते. कर्करोगाने १९९४ साली त्यांचा मृत्यू झाला, आणि आपल्या आजाराचे मूळ धुराने भरलेल्या क्लबांमध्ये वाजवलेल्या ट्रम्पेटमध्ये आहे, असे ते सांगत. ट्रम्पेट वाजवायचे तर छाती भरून श्वास घ्यावा लागतो, आणि त्या क्लबांत छातीत भरायला तीच हवा होती.

‘तिने ती नोकरी का सोडली नाही?’ असे विचारणाऱ्याने कारखान्याकडे पाहावे. यंत्राच्या फिरत्या पट्ट्यावर जाळी बसवणे मालकावर बंधनकारक असते. एखादा कामगार म्हणाला की ‘मला जाळी नको, त्याऐवजी पगार थोडा वाढवा,’ तरी कायदा तो सौदा मान्य करत नाही. याचे कारण सरकारला कामगाराची अक्कल कमी वाटते असे मुळीच नाही. गरजेपोटी कुणी बोटांचा सौदा करू लागला, की शेजारच्या कामगारालाही तोच सौदा करावा लागतो. धुराच्या बाबतीत तर धोका वीस-तीस वर्षांनी दिसतो. नोकरी धरताना त्याची किंमत कोण आणि कशी ठरवणार?

आता कोस यांच्या प्रश्नाकडे परत जाऊ. दोनपैकी एक त्रास पत्करायचाच आहे. ओढणाऱ्याने पाच मिनिटे दाराबाहेर जावे, हा एक त्रास. वेटरने पाळीभर श्वास घेऊ नये, हा दुसरा. पहिला टाळता येण्यासारखा नसला तरी सोसण्यासारखा आहे. दुसरा शक्यच नाही. माझ्या मते सगळ्या वादाचा निकाल या एका तुलनेत आहे. आयर्लंडने २९ मार्च २००४ रोजी पबसह सर्व कामाच्या जागांवर बंदी घातली आणि असे करणारा तो जगातला पहिला देश ठरला. तिथल्या कायद्याची मांडणी मुळात कामगारांच्या संरक्षणाची होती, गिऱ्हाइकांना शिस्त लावण्याची नव्हती.

मोठे पंखे किंवा वेगळा कोपरा चालणार नाही का?

दुधाच्या पातेल्यात एका कडेने लिंबू पिळले म्हणून दूध फक्त त्याच कडेला नासत नाही. एकाच खोलीतला ‘धूम्रपान विभाग’ असाच असतो. पंख्यांनी आणि हवा खेळती ठेवणाऱ्या यंत्रांनी वास आणि धुके कमी होते, त्यामुळे हवा स्वच्छ झाल्यासारखी वाटते. बारीक कण आणि वायू मात्र उरतात. वायुवीजनाचे मापदंड ठरवणाऱ्या अमेरिकन अभियंत्यांच्या ‘ॲश्रे’ या संस्थेनेही २००५ मध्ये हेच सांगितले, की बंदिस्त जागेतला हा धोका नाहीसा करण्याचा एकमेव उपाय म्हणजे तिथे धूम्रपान होऊ न देणे.

लहान पबवर अन्याय होत नाही का?

होतो, पण बहुतेकदा तो बंदीपेक्षा बंदीतल्या सवलतींमुळे होतो. जर्मनीतला निकाल या दृष्टीने फार बोलका आहे. तिथल्या काही राज्यांनी पबमध्ये धूम्रपान बंद केले, पण वेगळी बंद खोली असेल तर तिथे परवानगी ठेवली. ज्यांच्याकडे चार खोल्या होत्या त्यांनी एक खोली ओढणाऱ्यांना देऊन टाकली. नाक्यावरच्या एका खोलीच्या पबला ते शक्य नव्हते, आणि त्याचे गिऱ्हाईक मोठ्या पबकडे वळू लागले. अशा पबचे चालक घटनात्मक न्यायालयात गेले. ३० जुलै २००८ रोजी न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: सवलत द्यायची तर तिचा सगळा भार लहानांवर पडेल अशी देता येणार नाही. राज्ये नवा नियम करेपर्यंत ७५ चौरस मीटरपेक्षा लहान, शिजवलेले अन्न न देणाऱ्या आणि अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसलेल्या पबना तात्पुरती मुभा मिळाली.

मात्र त्याच निकालात न्यायालयाने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मालकांची बाजू मांडताना सहसा गाळली जाते. सर्वांना सारखी लागू होणारी संपूर्ण बंदी घटनेच्या चौकटीत बसते, असे तिथे नमूद आहे. बव्हेरियाने नंतर तेच केले. ४ जुलै २०१० च्या सार्वमतात ६१ टक्के मतदारांनी सवलतींविना बंदीला कौल दिला.

याहून अवघड प्रश्न असा, की मालक एकटाच पब चालवत असेल, नोकर एकही नसेल, तर? कामगाराचा मुद्दा तिथे गळून पडतो. नेदरलँड्सने अशा लहान पबना २०११ पासून सूट दिली होती. २०१४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. टोकिओने उलट टोक धरले: २०२० पासूनच्या तिथल्या नियमात सवलत मिळेल की नाही हे मुख्यतः पगारी नोकर आहे की नाही यावर ठरते. मला टोकिओची कसोटी तत्त्वाला अधिक धरून वाटते, तरी तिच्यात एक गोम आहे. एकट्याने चालणाऱ्या पबमध्ये सूट मिळते म्हटल्यावर कागदोपत्री ‘भागीदार’ झालेले नोकर किती निघतील, हे तपासणे सोपे नाही.

मग भरपाई का देत नाहीत?

सरकारने जमीन घेतली तर मोबदला मिळतो. तसा तो वापरावरील बंदीसाठीही मिळावा, असे मालकांचे म्हणणे असते. अमेरिकेतील कॅन्सस राज्याने १८८० च्या सुमारास दारू गाळण्यावर बंदी घातली तेव्हा मग्लर नावाच्या माणसाची नुकती उभारलेली बिअरची भट्टी जवळजवळ निरुपयोगी झाली. १८८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला भरपाई नाकारली. जागा काढून घेणे वेगळे आणि लोकांच्या आरोग्याला घातक ठरणारा तिचा एक वापर थांबवणे वेगळे, असा तो निकाल होता. ओहायोतील एका बारमालकाने धूम्रपानबंदीविरुद्ध हाच मुद्दा लावून धरला, तेव्हा २०१२ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तो फेटाळला. बार त्याचाच राहिला होता, दारू विकायला मोकळीक होती आणि गिऱ्हाइके निवडण्याचा हक्कही शाबूत होता.

मालकांची एक तक्रार मात्र मला पटते. इंग्लंडच्या कायद्यात सिगारेट ओढणाऱ्याला न्यायालय जास्तीत जास्त २०० पौंड दंड करू शकते, पण त्याला न अडवणाऱ्या पबचालकाला २,५०० पौंडांपर्यंत. नशेतल्या माणसाला बाहेर काढण्याची जोखीम घ्यायची चालकाने आणि मोठा दंडही त्यानेच भरायचा. परवाना घेणाऱ्यावर जबाबदारी येते हे मान्य. पण बाराच्या पटीचा हा फरक रास्त आहे का, यावर कायदेमंडळांनी पुन्हा विचार करायला हवा.

पब बंद पडले त्याचे काय?

इंग्लंडमध्ये बंदी १ जुलै २००७ रोजी आली आणि पुढील वर्षांत बरेच पब बंद पडले. परंतु २००८ मध्ये मंदी आली, बिअरवरचा कर वाढला, सुपरमार्केटमध्ये दारू स्वस्त मिळत होती, आणि पबची संख्या कित्येक दशके आधीपासूनच घटत होती. बंदीचा वाटा शून्य होता असे मी म्हणणार नाही. ज्या पबला अंगण नव्हते आणि जेवण नव्हते, त्यांना झळ बसलीच. सगळा दोष बंदीच्या माथी मारणे मात्र चुकीचे आहे.

उद्या घरातही येतील का?

कायद्याने ही रेघ बऱ्यापैकी काळजीपूर्वक ओढली आहे. इंग्लंडमध्ये राहते घर बंदीतून वगळले आहे आणि हॉटेलला काही खोल्या ओढणाऱ्यांसाठी राखता येतात, कारण मुक्कामापुरती ती खोली घरासारखी असते. पबविषयी मात्र सरकारही सुरुवातीला डळमळीत होते: जेवण न देणारे पब आणि खासगी क्लब सोडून द्यावेत असा मूळ बेत होता. १४ फेब्रुवारी २००६ रोजी खासदारांना पक्षादेश न काढता मतदान करू दिले गेले, तेव्हा ३८४ विरुद्ध १८४ मतांनी सवलती नाकारल्या गेल्या. जेवण न देणाऱ्या पबमधल्या वेटरची फुप्फुसे वेगळी नसतात, एवढी साधी ती गोष्ट होती.

आणि उघड्यावर?

इंग्लंडमधील नियमानुसार छप्पर असलेल्या आडोशाच्या भिंतींचा किमान अर्धा भाग कायमचा मोकळा असेल, तर तिथे सिगारेट ओढता येते. बंद करता येणारी दारे-खिडक्या मोकळा भाग म्हणून धरत नाहीत. म्हणून पबच्या मागे पत्र्याखाली दोन बाजू बंद आणि दोन सताड उघड्या असे आडोसे दिसतात. कुणीतरी टेप लावून त्यांच्या भिंती मोजलेल्या असतात. हा नियम थोडा विचित्र दिसला तरी त्याचा गाभा बरोबर आहे, कारण धूर साचतो की निघून जातो, यावरच धोका अवलंबून असतो.

मोकळ्या अंगणात धूर लवकर विरतो. पेले गोळा करायला येणारा वेटर तिथे पाळीभर उभाही नसतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींच्या आधारावर आतली बंदी उभी राहिली, त्या दोन्ही बाहेर पातळ होतात, आणि मालकाच्या हक्काचे पारडे त्या प्रमाणात जड होते. लहान मुलांपुढे नको, सवय सोडायला मदत व्हावी, दाराशी दाटी होऊन धूर आत येऊ नये, ही कारणे विचार करण्यासारखी आहेत. पण ती वेगळी कारणे आहेत. सरकारला बाहेर बंदी हवी असेल तर त्यांचा पुरावा त्याने स्वतंत्रपणे मांडला पाहिजे. दारापासून किती अंतरावर धूर आत येत नाही हे मोजता येते. अंगणात काम करणाऱ्याच्या लाळेत निकोटिनचे अंश किती उतरतात हेही मोजता येते, आणि आयर्लंडमध्ये पबमधल्या कामगारांची अशी मोजणी झालेली आहे: बंदीनंतर ते प्रमाण ८० टक्क्यांनी घटले. तीच मोजणी अंगणात करावी, आणि जो आकडा येईल तो दोन्ही बाजूंनी मानावा.